बोनस रेषेवरचा डोळा

मोरिवलीची रंजना भोईर पंच म्हणून मैदानात उतरली की भलेभले कबड्डीपटू गपगार. तरुणपणी स्वतः खेळून हाडं खिळखिळी केलेली बाई! तिच्याशी हुज्जत घालायची कुणाची टाप नव्हती.

पण तो मेला उजवा डोळा! वर्षातून दोन-तीनदा लालबुंद व्हायचा, ठणकायचा, उजेड म्हणून सोसायचा नाही. "डोले आयले," म्हणत घरचे तिचा टॉवेल वेगळा ठेवायचे. दर खेपेला एकच डोळा कसा येतो, घरात दुसऱ्या कुणाला कसा लागत नाही, हे कुणाच्या मनात येईल तर शपथ! मेडिकलमधून थेंब आणायचे, लाली उतरली की बंद. धूसरपणा मात्र दर वेळी थोडा उरायचाच.

मग एका सामन्यात घोटाळा झाला. बोनस गुण मिळवायचा तर पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकताना मागचा हवेत हवा. मागचा टेकलेला साऱ्या मैदानाने पाहिला, रंजनाने नाही. तिने गुण देऊन टाकला. मंडळाचा अध्यक्ष चंदू, नात्याने तिचा चुलत दीर, सगळ्यांदेखत म्हणाला, "वयनी, आता घरी बसा."

रंजना ढसाढसा रडली. मैदान सुटलं तर आपण उरतो तरी कोण?

दुसऱ्या दिवशी तिने तडक उल्हासनगर गाठलं. डोळ्यांच्या डॉक्टर सुहासिनी यांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सकाळी उठताना कंबर आखडते?"

रंजनाचं डोकंच फिरलं. "मॅडम, डोला वर हाय, कंबर खाली!"

"आखडते का, ते सांगा."

आखडायची की! भिंत धरून उठावं लागायचं, हिंडल्याफिरल्यावर मोकळी व्हायची. तिला तो कबड्डीचा प्रसाद वाटायचा.

"हे डोळे येणं नव्हे. डोळ्याच्या आत सूज आहे. अंगाची राखण करणारी ताकद तुमच्याच डोळ्यावर आणि मणक्यावर उलटली आहे. बरं वाटलं म्हणून मनाने थेंब बंद केलेत, तर गाठ माझ्याशी आहे."

सुजेचे थेंब, बाहुली मोठी करणारे थेंब, सांध्यांच्या डॉक्टरांची इंजेक्शनं, रोजचा व्यायाम. रंजनाने कुरकुर केली, शिव्या घातल्या, पण एक थेंब चुकवला नाही. हळूहळू डोळा निवळला, कंबरही सुटली. मग तिने चंदूला बजावलं, "मना एक सामना द्या."

दिला, तो नेमका अंतिम. मोरिवली एका गुणाने मागे, शेवटची चढाई चंदूच्या पोराची, तुषारची. त्याने बोनस रेषा ओलांडली, बरोबरी झाली म्हणून गाव नाचायला लागलं. रंजनाने हात आडवा केला. बोनस नाही!

एकच गिल्ला झाला. चंदू मोबाइलवरचं चित्रीकरण नाचवत मैदानात घुसला, पुन्हा पुन्हा पाहू लागला. मागचा अंगठा टेकला होता, जेमतेम.

"गेला चषक," तो ओरडला, "पन वयनीचा डोला बघा रं! पोराचा अंगठा मना दिसला नाय, तिला दिसला!"

रंजनाचा ऊर भरून आला. तरी आवाज तोच, करडा.

"चंदू भावजी, मैदानाबाहेर व्हा. शेवटची शिट्टी वाजली नाय, खेल चालू हाय."