डब्याच्या बुडावरचं नाव

आमच्या गल्लीत कुणाच्याही घरातलं भांडं उलटं करून बघा, खाली शिवकांताअक्काचं नाव निघायची शक्यता मोठी. माझ्याच स्वयंपाकघरात तिची एक परात आणि दोन पातेली पडून आहेत, परत द्यायची रोज राहून जातात. स्टीलच्या भांड्यांवर ती गंजगोलाईच्या बाजारातून मशीननं नाव घालून आणते. प्लास्टिकच्या डब्यांवर मात्र स्वतःच घालते. दाभण गॅसवर लाल करायचं आणि बुडाशी ठिपका ठिपका टोचत ‘शिवकांता’ लिहायचं. अक्षर डावीकडे कललेलं, आणि जागा पुरत नाही म्हणून शेवटचा ‘ता’ कायम कडेला चिकटलेला. मी तिला हसायचे. “अक्का, काकांवर पण एकदा नाव घालून टाक,” म्हणायचे. चन्नबसप्पाकाका, अक्काचे यजमान, डाळमिलमध्ये वजनकाट्यावर बसतात, बोलणं कमी. ते चहा पिता पिता म्हणायचे, “कवाच घातलंय. तुला दिसत न्हाई एवढंच.”

अक्काचं माहेर किल्लारी. भूकंपात घर गेलं तेव्हा ती शाळकरी पोर होती. ढिगारे उपसून काढलेली भांडी पत्र्याच्या शेडपुढं ओतून ठेवली होती आणि जो तो आपलं काय ते शोधत होता. त्यात तिच्या आईची परात मिळाली, कारण तिच्यावर आईचं नाव होतं. आई गेली, परात राहिली. “नाव व्हतं म्हनून आपली म्हनता आली, सिंधू,” हे ती मला एकदाच बोलली, शेंगा फोडता फोडता. त्या दिवसापासून मी तिला हसायचं बंद केलं असं नाही, पण जरा कमी केलं.

तिचा दुसरा नेम म्हणजे, कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही. हा तसा आपल्या सगळ्यांच्याच घरचा रिवाज, पण आपण घाईत विसरतो. ती विसरत नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून पाठवील. आणि तिचा डबा कुणी रिकामा परत केला, तर त्या माणसाविषयी तिचं मत कायमचं बिघडतं.

तर या अक्काची एकुलती एक लेक सुकन्या. पोलीस भरतीचा फॉर्म तिनं नांदेडला भरला होता. गेल्या वेळी धावण्यात थोडक्यात हुकली होती, आणि वयाच्या हिशेबानं आता फार संधी उरल्या नव्हत्या. काका म्हणत होते, स्थळं येऊन राहिलीत, बस झालं. अक्कानं त्यांना सांगितलं होतं, “ह्या ग्राउंडपतुर गप बसा.” म्हणजे पोरीचं सगळं त्या एका ग्राउंडवर, भरतीच्या मैदानी चाचणीवर, येऊन थांबलं होतं, आणि हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

तिला तयार करत होते वैजनाथसर. मुखेडकडचा मुलगा, आईबाप लवकर गेलेले, घरी फक्त बायको, स्वतः भरतीत तीनदा पडलेला. रिंगरोडजवळच्या मैदानावर तो पोरींना पळवायचा. मुलींच्या अंगाला बोट न लावता, आवाज न चढवता शिकवणारा माणूस म्हणून त्याचं नाव होतं. अक्काला तर तो पोटच्या पोरासारखा. नागपंचमी असो नाहीतर वेळा अमावस्या, पहिला डबा सरांकडे.

मागच्या उन्हाळ्यात सर म्हणाले, सुकन्याच्या अंगात प्रथिनं कमी पडतात, व्हे पावडर सुरू करा. अक्कानं मला बोलावलं, कारण मी वीज कार्यालयात नोकरीला आणि इंग्रजी वाचते. अक्काच्या ओट्यावर सरांनी तीन डबे ओळीनं मांडले आणि आमची शाळा घेतली.

“व्हे म्हंजी काय पन?” अक्कानं विचारलं.

“दूध फाडल्यावर जे पाणी उरतं ना अक्का, त्यातलं सत्त्व वाळवून केलेली पावडर.”

“ते पानी आमी म्हशीला पाजायचो की रं.” मग तिनं प्रत्येक डबा फिरवून हिरवा ठिपका शोधला. लिंगायताचं घर, तो ठिपका दिसल्याशिवाय पुढची गोष्टच नाही.

सरांनी फार चांगलं समजावलं, हे मला आजही कबूल करावं लागतं आणि म्हणूनच माझा जास्त संताप होतो. चमचा मोठा ठेवून आकडा फुगवतात, म्हणून चमच्यावर जाऊ नका, शंभर ग्रॅममागे प्रथिनं किती ते बघा. घटकांच्या यादीत पहिलं नाव कशाचं आहे ते बघा. साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन वरच्या ओळीत असेल तर डबा खाली ठेवा. कॉन्सन्ट्रेट स्वस्त, आयसोलेट महाग, पण दूध पचणाऱ्या पोरीला कॉन्सन्ट्रेट पुरतं, उगीच खर्च करू नका. सील बघा, परवाना क्रमांक बघा, कोड तपासा. “नकली माल लई सुटलाय अक्का,” सर म्हणाले, “लेकरांच्या जिवाशी खेळतात लोक.” हे बोलताना त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. इतका साधा, इतका कळवळलेला.

तो पहिला डबा आम्ही बाजारातल्या दुकानातून घेतला. सुकन्याला तो मानवला. पाय भरले, पळताना दम टिकायला लागला, सर तिला इकराच्या पुढं पळवायला लागले. इकरा तिची मैत्रीण, मैदानात सगळ्यात वेगवान. डबा संपला तसा अक्कानं धुऊन, वाळवून, बुडाशी नाव टोचलं. वरचं चकचकीत वेष्टन तिनं काढलं नाही, डबा उठून दिसतो म्हणून. गुरुपौर्णिमेला त्यात शेंगदाण्याचे लाडू भरून तो सरांकडे पाठवला.

त्यानंतर सर म्हणाले, दुकानात कशाला जाता, माझ्याकडं माल थेट कंपनीतून येतो. मी लेबल पाहिलं, सील पाहिलं, कोडही तपासला. सगळं तेच. आम्ही सरांकडून घ्यायला लागलो.

पोरीचं बिघडायला लागलं ते तिथून. पोट फुगायचं, तोंडावर पुटकुळ्या आल्या, धावताना कुशीत कळ यायची. अक्का म्हणाली, बाहेरचं खात असशील. काका म्हणाले, झेपत नसेल तर सोड. मी, माझं तोंड गप्प राहत नाही, म्हणाले की अंगात आळस भरलाय. सरांनी सांगितलं, अजून अर्धा चमचा वाढव. आणि ती गुणी पोर अर्धा चमचा वाढवत राहिली.

ग्राउंडची तारीख आली. सुकन्या आणि इकरा काही दिवस आधीच नांदेडला जाणार होत्या, विष्णुपुरीला इकराच्या मामाकडं राहून तिथल्या हवेत सराव करायचा होता. सरांकडून आलेला दुसरा डबा नवाकोरा, सील न फोडलेला, बॅगेशेजारी ठेवलेला. आता परक्या घरात जाणार म्हटल्यावर डब्यावर नाव हवंच. त्या दुपारी मी अक्काकडे गहू निवडत बसले होते. तिनं दाभण तापवलं, डबा मांडीत उलटा धरला. बुडाच्या मधोमध किमतीचं मोठं स्टिकर होतं. दुकानातल्या पहिल्या डब्याचं स्टिकर लहान होतं, त्याच्या कडेनं तिनं नाव टोचलं होतं; इथं कडेला जागाच नव्हती, आणि दाभणाच्या धगीनं स्टिकरचा कोपरा उचलला. अक्कानं तो नखानं सोलून काढला.

आणि ती थांबली. दाभण हातातच राहिलं, त्याची लाली हळूहळू गेली. मी म्हटलं, अक्का, काय झालं? मी वाकून पाहिलं.

स्टिकरखाली ‘शिवकांता’ लिहिलेलं होतं. ठिपक्या ठिपक्यांचं, डावीकडे कललेलं, ‘ता’ कडेला चिकटलेला.

मला आधी काही कळेचना. मला वाटलं, तिनंच आत्ता टोचलं. पण दाभण तर तिनं टेकवलंही नव्हतं. सील न फोडलेल्या डब्याच्या बुडाशी तिचं नाव आलं कुठून? घरातले बाकीचे सगळे डबे फळीवर होते, मी उठून एकेक पाहिला. असला डबा घरातून एकच बाहेर गेला होता, लाडू घेऊन.

अक्का उठली. सरांकडून आलेला आधीचा डबा तिनं फळीवरून काढला, त्यातली मसुरीची डाळ परातीत ओतली आणि बुडाचं स्टिकर पाण्यानं भिजवून खरवडलं. खाली सुरीच्या टोकानं कोरलेली उर्दू अक्षरं होती. आम्हा दोघींनाही उर्दू येत नाही. पण वाचायची गरजच राहिली नव्हती. अक्का डाळीकडं बघत म्हणाली, “दोन महिने झाले. मीच कालवून देत व्हते गं पोरीला. हलवून हलवून.” मग तिनं तोंडाला पदर लावला. चोरानं घर फोडलं असतं तर आम्ही ओरडलो असतो, इथं तेही सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानावर गेलो. पिशवीत दोन्ही डबे. सर शिट्टी वाजवत होते, आम्हाला बघून लगबगीनं आले, वाकून अक्काच्या पाया पडले. तिनं पाय मागे घेतले नाहीत.

“गुरुपौर्णिमेचे लाडू खाल्लास का रं वैजनाथ?” तिनं विचारलं.

“खाल्ले की अक्का. दोन दिसात डबा साफ.”

“मंग डबा कुठाय?”

“आसंल घरी. पाठवतो की.”

“पाठवलास की,” अक्का म्हणाली, आणि पिशवीतून तो डबा काढून तिनं त्याच्यापुढं उलटा धरला.

सरांच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही, तिथंच वाळलं. ते म्हणाले, सप्लायरची काहीतरी चूक झाली असेल. तोवर पोरी भोवती जमल्या होत्या. इकरानं दुसरा डबा हातात घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, “ये तो अम्मी का लिखा है.” तिच्या अम्मीनं, बेगमबीनं, रमजान ईदला त्यातून सरांकडं शेवया पाठवल्या होत्या. एकेक पोरगी मनातल्या मनात आठवत होती, आपल्या आईनं कशातून काय पाठवलं ते. मला तो क्षण फार भयंकर वाटला. ज्या डब्यांतून त्या माणसाच्या घरी माया गेली, तेच डबे त्यानं नवीन सील लावून पोरींना परत दिले होते.

मग सर बोलायला लागले. “अपाय न्हाई अक्का त्यात,” ते समजावणीच्या सुरात म्हणाले. तोच सूर, ओट्यावर शिकवताना होता तोच. “दूधपावडर हाय, मक्याचं पीठ हाय, थोडी साखर. सगळेच करतात.”

“दुसऱ्याच्या नावानं पाजलं असतंस तर मी पोलिसात जाऊन मोकळी झाले असते,” अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “माज्या नावाच्या डब्यातनं माज्याच लेकीला पाजलंस. हे कुनाला सांगू मी?”

पोलिसात मात्र मी गेले. अन्न खात्याकडेही तक्रार दिली, दोन्ही डबे नमुन्याला दिले. उत्तर अजून यायचं आहे. सरांचं मैदान बंद झालं, गडी मुखेडला गेला म्हणतात.

सुकन्या नांदेडला पळाली. पावडर बंद होऊन आठवडाच झाला होता, अंग सावरलं नव्हतं. शेवटच्या फेरीत कुशीत कळ आली आणि ती मागे पडली. इकरा पास झाली, ती राहिली. एसटीतून उतरून पोरगी घरात आली आणि सरळ अक्काच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. काका स्थळाबद्दल काही बोलले नाहीत. उलट म्हणाले, “पुढच्या टायमाला फॉर्म मी सोता भरून आनतो.”

महिनाभरानं अक्काच्या दारात सरांची बायको आली. मान खाली, हातात स्टीलचा एक डबा. कधीतरी सणाला अक्काकडून गेलेला, बुडाशी अक्काचं नाव. घर रिकामं करताना सापडला म्हणाली. आत यायला नको म्हणाली, पाणीही घेतलं नाही. डबा उंबऱ्यावर ठेवून गेली.

मला वाटलं, आता अक्काचं डोकं सटकणार. तिनं डबा उचलला, आधी उलटा करून नाव बघितलं, मग झाकण काढून आत पाहिलं. आत काही नव्हतं, साखरेचा दाणासुद्धा नाही.

“खालीच दिलाय,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच डबा रिकामा आल्याचं तिला बरं वाटलेलं मी पाहिलं. तिनं तो डबा गरम पाण्यानं दोनदा घासला, उन्हात पालथा घातला, आणि संध्याकाळी त्यात लाडू भरून पहाटे पळायला जाणाऱ्या सुकन्याच्या बॅगेत ठेवला.