सोनकीच्या दुधाची दुसरी बाटली

गिरणीतली नोकरी सुटल्यावर आमचे हे, म्हणजे दत्ताराम, गोरेगावला एका प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागले. काम काय, तर तबेल्यांतून म्हशींच्या दुधाच्या बाटल्या आणायच्या. म्हैस रेड्याकडून भरवून बावीस-तेवीस दिवस झाले की ती गाभण आहे का, ते अनुपमा डॉक्टर दूध तपासून सांगायच्या. चाळीतल्या बायका खिदळायच्या. "प्रेमा, तुझा नवरा दुधावरून पोरं ओळखतो म्हणे!" हसा मेल्यांनो, हसा!

चौऱ्याऐंशी साली जोगेश्वरीच्या कुंडलिकशेठची सोनकी आटत आली होती. मुंबईत आटलेल्या म्हशीला फुकट वैरण कोण घालतो? गाभण असली तर ठेवायची, नाही तर उद्या देवनारच्या कत्तलखान्याचा ट्रक. तिची धार काढणारा धोंडू गवळी दोन दिवस जेवला नव्हता.

तपासणीत दुधातल्या गाभणपणाच्या द्रव्याचा आकडा कमी आला, म्हणजे गाभण नाही. डॉक्टरांनी कागद लिहिलासुद्धा. यांनी बाटलीत उरलेलं दूध नखावर घेतलं, तर थेंब सरकन ओघळला. म्हशीचं दूध असं पळतं होय?

"बाई, यात पाणी आहे. तुमचा आकडा त्यानेच खाली गेला असेल. दुसरी बाटली आणतो."

शिपायाने डॉक्टरला सांगायचं! मी असते तर तोंड उघडलं नसतं. पण बाई भल्या. म्हणाल्या, "आत्ताच जा."

हे तडक तबेल्यात. धोंडूने कपाळावर हात मारला. "आयशप्पथ दत्तूभाऊ, सवयीने पडलं हो! भांडं हातात आलं की दुसरा हात आपोआप नळाकडे जातो."

यांनी त्याला असा झाडला, असा झाडला! मग त्याला धार काढायला बसवलं आणि बाटली स्वतःच्या मुठीत धरली.

दुसऱ्या दिवशी ट्रक दारात, सोनकीचा दोर सुटलेला, आणि हे दुसऱ्या बाटलीचा नवा कागद घेऊन धापा टाकत पोचले. "शेठ, गाभण दिसतेय! दोन महिन्यांनी ढोरांच्या डॉक्टरकडून हात घालून खात्री करा, पण आज देऊ नका." शेठने दोर पुन्हा बांधायला लावला.

पुढच्या वर्षी सोनकीला पारडी झाली. पहिला चीक घेऊन धोंडू आमच्या दारात. त्याच बायका माना लांब करून बघत होत्या, आणि मी मुद्दाम दार सताड उघडं ठेवलं. यांनी थेंब नखावर घेतला. थेंब जागचा हलेना.

धोंडू रडकुंडीलाच आला. "बघा भाऊ, पाणी नाही हो."

"कळलं रे," हे म्हणाले. "बस, खरवस खाऊनच जा."