उडदावरून चालवलेली गाडी

काल सकाळपर्यंत ही गोष्ट जगात फक्त मला ठाऊक होती. नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही. माझी आई तर त्यातली निम्मी साक्षीदार, पण पुढे काय झालं ते तिलाही नाही. आता तुम्हाला सांगते आहे. आपली ओळख नाही, ते बरंच आहे. ओळखीच्या माणसांसमोर माझी जीभ नको तिथे चालते आणि हवी तिथे अडून बसते.

मी नर्स आहे. वाशीमला राहते, गावाकडच्या उपकेंद्रावर जाऊन-येऊन करते. ताप आठवडाभराचा असतो आणि पेशंट सांगतो, कालचा आहे. अशांना मी सोडत नाही. खोटं सांगाल तर औषध खोट्याच आजाराला मिळेल — हे वाक्य मी इतक्यांना ऐकवलंय की आमची आशाताई माझ्या आधीच ते म्हणून टाकते. आणि हीच मी — नाही, थांबा. आधी गाडीचं सांगते, नाहीतर मी नेहमीसारखी टाळाटाळ करीन.

गाडी माझ्या नणंदेच्या घरची. शोभाताई केनवडला दिलेल्या. त्यांच्या यजमानांना मी भाऊजी म्हणते. छोटी पांढरी हॅचबॅक, वयानं बरीच, पण भाऊजी ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायचे. गुडघ्यामुळे त्यांना क्लच दाबवेना, म्हणून विकायला काढली. आणि मला तर गाडीचं वेडच लागलं होतं. नुकतंच चालवायला शिकले होते. आमचे हे स्कूटरच्या पुढे गेलेले नाहीत. म्हणाले, तुझी हौस, तूच बघ. सासूबाई म्हणाल्या, घरची गाडी घरातच राहील. नात्यात व्यवहार नको असं म्हणणाराही एकजण निघाला, पण आम्ही कुणी मनावर घेतलं नाही.

चावी देताना भाऊजींनी गाडीचे सगळे आजार सांगितले. "डाव्या काचेले वर घेताना हातानं आधार द्या, वहिनी. वायपर कुरकुर करते. अन् सकायी स्टार्ट केली का दोन मिन्टं उभी राहू द्या. बाकी इंजिनाकडे पाहाचं कामच नाही." सगळं खरं होतं. गरम होण्याचा आजार त्यात नव्हता, कारण तो तिला नव्हताच.

तो मी लावला.

पोळा झाला, गणपती झाले आणि माझ्या माहेरी, जऊळक्याला, आईचा उडीद निघाला. तुकडा लहान. एवढ्याशा मालासाठी आमच्याकडे कुणी थ्रेशर बोलावत नाही. वाळलेली झाडं डांबरी रस्त्यावर पसरून ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या वरून जातात, शेंगा फुटतात, मग वरचं कुटार, म्हणजे भुसकट, बाजूला सारून दाणे झाडून घ्यायचे. धोक्याचं आहे, बंदी आहे, आणि सगळेच करतात. त्या दुपारी मात्र रस्त्यावर एक चिटपाखरू फिरकेना. आभाळ भरून आलेलं. आई झाडू घेऊन एकदा रस्त्याकडे बघे, एकदा वर बघे. बाबा गेल्यापासून ती एकटीच हे सगळं करते.

मी म्हटलं, सरक बाजूला.

"नको वो बाई, नवी गाडी हाये. जवाई काय म्हनतीन?"

जवायाला सांगतंय कोण? पहिला गिअर टाकला आणि गेले पुढे. मग रिव्हर्स. मग पुन्हा पुढे. पोळा होऊन महिनाही झाला नव्हता आणि मी गाडीचा बैल केला! खाली शेंगा तडतड फुटत होत्या, धुरळा उडत होता, आणि आई रस्त्याच्या कडेला उभी राहून हसत होती. पोट धरून. खरं सांगू? माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारांपैकी ती एक. आजही तसंच वाटतं, त्याला काय करू?

मधेच करपल्याचा वास आला. मी उतरून गाडीखाली वाकले, अडकलेल्या काड्या ओढून काढल्या, पुन्हा बसले. पाऊस यायच्या आत दाणे घरात आले. जाताना आईनं थोडे बांधून दिले, सासरी मी म्हणाले — आईनं पाठवले. तेवढं तर खरं होतं.

चार-सहा दिवसांनी वाशीमच्या बाजारातच तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. मिस्तरीकडे नेली. त्यानं पाणी भरलं, रेडिएटरचं झाकण बदललं. पुन्हा गरम. थर्मोस्टॅट काढून टाकला, पंखा फिरतो का पाहिलं. पुन्हा गरम. मला आतून माहीत होतं का? संशय होता. पण काड्या तर मी काढल्या होत्या ना? मग उडदाचा काय संबंध? — असं मी मला समजावत होते. आणि तसल्या गरम गाडीत रोज उपकेंद्रावर जात होते, ते वेगळंच.

शेवटी मिस्तरीनं हात पुसले आणि विचारलं, "सिस्टर, घेतली तवापासूनच गरम होते, का मंगच्यानं सुरू झालं?"

याला आमच्या कामात हिस्ट्री घेणं म्हणतात. सगळं निदान त्या एका उत्तरावर उभं असतं, हे मला त्या गॅरेजातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. आमचे हे माझ्या शेजारीच उभे होते. खरं बोलले असते तर काय होणार होतं? दोन दिवस घरात धुसफूस, माहेरच्या उडदासाठी गाडी जुंपली म्हणून एखादा टोमणा. आणि कदाचित चावी यांच्या खिशात गेली असती. मला ती चावी जाण्याचीच भीती वाटली. ती हातात आल्यापासून मी कुणालाही "मला सोडता का" असं विचारलं नव्हतं.

मी म्हणाले, "घेतली तेव्हापासूनच."

"मंग इंजिनातच काम हाये. आंधीच्या मालकाले मालूम असन."

यांचा चेहरा उतरला. मी ते पाहिलं.

इंजिन उघडलं. हेडचं गॅस्केट गेलेलं निघालं — गरम गाडी दामटून दामटून मीच ते घालवलं होतं. आणि रेडिएटर सोडवला तेव्हा त्याच्या आणि एसीच्या जाळीच्या मधे कुटाराचा थर बसलेला. बोटभर, दाबून भरल्यासारखा. हवा आत जायला फट नव्हती. "हे कुटार कोठचं हो?" मिस्तरीनं विचारलं.

इथेही परतता आलं असतं, नाही का? मी म्हणाले, "केनवडला खळ्याजवळच उभी असायची."

दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. त्यानं हवा मारून जाळी साफ केली, नवं गॅस्केट बसवलं, आणि गाडी त्यानंतर कधी तापली नाही. आजही चालते आहे.

आता जे झालं ते ऐका. आमच्याकडे जावयाला तोंडावर कुणी बोलत नाही. बोलणं कमी करतात. भाऊजींच्या कानावर कुठून तरी गेलंच, त्यांनी फोन केला, तर हे म्हणाले, "जाऊ द्या, झालं ते झालं." कशा आवाजात म्हणाले ते मी ऐकलं होतं. मग दिवाळी आली. दर दिवाळीला हे मुराळी होऊन केनवडला जायचे आणि ताईंना घेऊन यायचे. त्या वर्षी गेले नाहीत. कामं आहेत म्हणाले. सासूबाई माझ्याकडे आल्या — माझ्याकडे! "बाई, तू तरी सांग त्याले." आणि मी काय म्हणाले असेन? "नात्यात व्यवहार नको म्हणतात, ते काही उगाच नाही."

मी असं म्हणाले. कढईतल्या चकल्या उलटत.

ताई बोलावल्याशिवाय येणाऱ्यातल्या नाहीत. एक दिवाळी गेली, दुसरी गेली, पुढच्याही गेल्या. दिवाळीला मी मात्र जऊळक्याला जात राहिले. त्याच गाडीतून. माझ्या माहेरासाठी केलेल्या कामाचं खापर मी भाऊजींवर फोडलं आणि त्यांच्या बायकोचं माहेर तोडलं. हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. कळून मी काय केलं? गाडी धुऊन आणली.

सासूबाई दरवर्षी ताईंसाठी फराळाचा एक डबा वेगळा भरायच्या. न्यायला कुणी नसायचं. शेवटी तो मी उपकेंद्रावर वाटायची. यंदा त्यांनी डबा भरलाच नाही. नुसत्या करंज्या तळत राहिल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि काल सकाळी मी कुणाला न सांगता केनवडला गेले.

ओसरीत उभी राहूनच सांगितलं. बसले असते तर मधेच काहीतरी गोड करून सांगितलं असतं. उडीद, मिस्तरीचा प्रश्न, माझं उत्तर, कुटार — सगळं. चकल्यांवरचं वाक्यही. ताई दाराला टेकून उभ्या होत्या. भाऊजी खाटेवर, गुडघा धरून. मी शिव्यांची तयारी ठेवून गेले होते. भाऊजी म्हणाले, "म्हंजे गाडीत खोट नव्हती न?"

नव्हती, म्हटलं.

"मले वाटे, मीच आंधया. घरच्याच मानसाले खराब गाडी देली, अन् आपल्याले समजलंबी नाही. त्याच्यानंच तोंड दाखवाची लाज वाटे." आणि ते चक्क हसले. डोळे पुसत होते आणि हसत होते. "बरं झालं, वहिनी. गाडी चांगली होती. बरं झालं."

इतकी वर्षं मी समजत होते की भाऊजी आमच्यावर रागावलेले असतील. त्यांनी माझं खोटं खरं मानलं असेल, स्वतःलाच दोषी धरलं असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

ताई हसल्या नाहीत. "मी दर दिवाळीले बॅग भरून ओसरीत बसत होती, वहिनी," त्या म्हणाल्या. "शेजारच्या बाया इचारत. मी म्हनो, येतेच हाये भाऊ, रस्त्यात असन."

चहा झाला नाही. मी निघाले.

संध्याकाळी घरी यांना आणि सासूबाईंना समोरासमोर बसवून सगळं पुन्हा सांगितलं. सासूबाई उठून आत गेल्या. हे माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी हात पुढे केला, मी चावी दिली. ज्या चावीसाठी सगळं केलं, ती अशी एका क्षणात गेली — आणि काय सांगू, मला हलकं वाटलं. इतकं हलकं की लाज वाटावी. रात्री मी मेल्यासारखी झोपले.

आज पहाटे हे एसटीनं केनवडला गेले. जाताना सासूबाईंनी त्यांच्या हातात डबा दिला. रात्रीच भरून ठेवला होता वाटतं. मी दारापर्यंत गेले नाही. ताई येतील की नाही, मला ठाऊक नाही. आल्या तर आपल्या माहेरी येतील, आपल्या भावासोबत, आपल्या आईकडे. माझ्याशी बोलायला येणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.