डावी की उजवी?

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवत असे. हक्क आणि कर्तव्यं हा माझा विशेष आवडता धडा. तो शिकवताना माझा आवाज इतका चढायचा, की शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर येऊन आमचं दार लोटून घ्यायचे. मग मला हर्निया झाला आणि माझं सगळं नागरिकशास्त्र सरकारी दवाखान्याच्या कॉटवर आडवं झालं.

फुगवटा जांघेत उजव्या बाजूला होता. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. कागद चाळत त्यांनी विचारलं, "डावीकडचा हर्निया ना?"

"हो सर," मी म्हणालो.

एवढा मोठा माणूस, त्याला चारचौघांत चूक कसं म्हणायचं? क्षणभर तर वाटलं, आपल्यालाच डावं-उजवं कळत नसेल.

उशाशी बायको उभी होती. ती नरखेडकडची, संत्र्यांच्या सौद्यात व्यापाऱ्यांशी हुज्जत घालत वाढलेली. ती पुढे झाली. "डॉक्टरसाहेब, डावा नाही, उजवा आहे." मग माझ्याकडे वळून, "अन् तुम्ही काहून हो-हो करून राहिले?"

डॉक्टरांनी पांघरूण सारून तपासलं, कागद दुरुस्त केला आणि म्हणाले, "बाई, बरं झालं बोललात. गुरुजी, तुम्हाला काही विचारायचंय?"

"नाही सर."

"सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"नाही सर."

बायको माझ्या मिशीकडे टक लावून बघत होती. "मग मिशीले हे लाल काय लागून राहिलं?"

ती तर्री होती, पोह्यांवर ओततात तो झणझणीत लाल रस्सा. नर्सबाईंनी जेवू नका म्हणून बजावलं होतं. पण पोहे म्हणजे काही जेवण नव्हे, असा अर्थ काढून मी पहाटेच फाटकाबाहेरच्या ठेल्यावर जाऊन आलो होतो.

डॉक्टर रागावले नाहीत. स्टूल ओढून बसले. "भूल दिल्यावर उलटी झाली, तर अन्न फुफ्फुसात जातं. जिवावर बेततं. तुम्ही खरं सांगितलं नाही, तर मला कसं कळणार? आणि माझं बोलणं कळलं नाही, तर विचारा. तो तुमचा हक्कच आहे."

आयुष्यभर फळ्यावर लिहिलेला शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो जणू. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं.

सगळे गेल्यावर बायकोने हळूच विचारलं, "भेव लागते का?"

"हो," मी म्हणालो.

"मग सांगाचं ना तसं."

पुढच्या खेपेला मी उपाशी राहिलो आणि विचारत सुटलो. भूल कशी देणार, दुखेल का, वर्गात उभं केव्हा राहता येईल? डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा समजावलं. ऑपरेशन उजवीकडेच झालं आणि नीट झालं.

मी घरी निघालो तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, जड उचलायचं नाही. ही जबाबदारी मी जरा जास्तच निष्ठेने पाळली. पाण्याची बादली, भाजीची पिशवी, कशालाच हात लावेना. शेवटी तपासणीच्या वेळी बायकोने विचारलं, "डॉक्टरसाहेब, यांचं पथ्य कधी संपते?"

"ते तर केव्हाच संपलं," डॉक्टर म्हणाले.

बायकोने तिथल्या तिथे पिशवी माझ्या हातात दिली.