वायर आहे साहेब, वायफाय नाही

पोलिसातल्या नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो, पण हुडकेश्वरकडच्या एका लेआउटमधलं, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीतलं, ईमेलचं प्रकरण अजून लख्ख आठवतं. त्यात मी फार हुशारीने चुकलो होतो.

एका मुलीचं लग्न ठरलं होतं. कोणीतरी खोट्या नावाने मुलाकडच्यांना तिच्याबद्दल घाणेरडा ईमेल पाठवला आणि लग्न मोडायची वेळ आली. तिच्या वडिलांनी तक्रार दिली. तपासात निघालं की ईमेल त्याच गल्लीतल्या एका निवृत्त हेडक्लार्कच्या ब्रॉडबँडवरून गेला होता.

त्याच दिवशी हेडक्लार्कचे एक शेजारी आपणहून ठाण्यात आले. पन्नाशीचे, कपाळावर गंध, आवाज एकदम खाली. "माझं नाव घेऊ नका साहेब. पण त्यांचा पोरगा दिवसभर कम्प्युटरवर बसून राह्यते. त्या पोरीनं त्याले नाही म्हटलं होतं." स्वतःच्या घरी नेट नसल्याचंही त्यांनी सांगून टाकलं. न विचारता मिळालेलं उत्तर मी डायरीत वेगळं लिहून ठेवतो. त्या दिवशीही लिहिलं. फक्त वाचलं नाही.

हेडक्लार्कच्या मुलाला बोलावलं. त्याची सरकारी नोकरीत निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्यात पडून होता. माझ्या एका शेऱ्यावर नोकरी गेली असती. तो एकच सांगत होता, मी पाठवला नाही. मग मी वडिलांना त्याच्या शेजारी बसवलं. बापासमोर मुलगा लवकर फुटतो, ही माझी जुनी युक्ती.

घरचं वायफाय कोण कोण वापरतं, असं विचारताच हेडक्लार्क ताठ झाले.

"वायर आहे साहेब, वायफाय नाही. हवेतलं कोणीबी पकडते, म्हणून मी मुद्दाम वायर लावून घेतली. बाहेरचा माणूस वापरूच शकत नाही."

वायरची फुशारकी मारता मारता ते पोराभोवतीच फास आवळत होते आणि मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो. मग त्यांच्याही ते लक्षात आलं. पोराकडे वळून ते हळूच म्हणाले, "सांगून दे बेटा. केलं असशील तं सांगून दे."

पोरगा खुर्ची बापापासून लांब सरकवून बसला.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला गेलो. सोबतच्या सायबरवाल्या शिपायाने आपल्या मोबाइलवर आसपासचं वायफाय शोधलं आणि त्याला हसू आवरेना. कम्प्युटरला वायर लावली म्हणून राउटरचं वायफाय बंद होत नाही. ती डबी कम्प्युटरला वायरने आणि आजूबाजूला हवेतून नेट वाटत बसली होती. पासवर्ड तर आम्हालेच माहीत नाही, असं हेडक्लार्क म्हणाले. मी डबी उलटी केली. पासवर्ड तिच्या पोटावर छापलेला होता आणि त्याच्याशेजारी वाळलेलं कुंकू!

दसऱ्याला त्यांनी कम्प्युटर आणि राउटर पाटावर मांडून पुजले होते. लुकलुकणाऱ्या दिव्यांवर कुंकू कसं लावायचं, म्हणून हेडक्लार्कांच्या बायकोने डबी पालथी ठेवली, वर आपट्याचं पान ठेवलं आणि हेडक्लार्कांनी फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. फोटोत पासवर्डचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

वायफाय पोचेल अशी दोनच घरं होती. एकाला कित्येक महिन्यांपासून कुलूप. दुसऱ्या घरी, म्हणजे गंधवाल्या शेजाऱ्यांकडे, मी चहाला जाऊन बसलो. नेट नाही ना, पुन्हा विचारलं. नाही म्हणाले. मग त्यांचा मोबाइल पाहायला मागितला. वर वायफायची खूण होती आणि नाव हेडक्लार्कच्या डबीचं. ज्या खोट्या नावाने ईमेल गेला, ते खातंही त्याच मोबाइलवर सापडलं. त्यांनी आपल्या भाच्याचं स्थळ त्या मुलीकडे नेलं होतं आणि नकार घेऊन परतले होते.

पडताळणीचा अहवाल मी स्वतः लिहिला आणि मुलाला बोलावून दाखवला. वडील बाहेर स्कूटरजवळ उभे होते. त्याने अहवाल नीट वाचला.

"तुम्ही शक केला साहेब, ते तुमचं कामच आहे. बाबानं काहून केला?"

बाबाला शेजारी बसवणारा मीच होतो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत चौकशीत कोणत्याही मुलाशेजारी त्याच्या बापाला बसवलं नाही. दोघांचे जबाब वेगवेगळ्या खोल्यांत घेतले. वेळ जास्त लागतो. लागू द्यावा.