हिरड्याच्या वखारीतले साडू

माझ्या साडूंइतका गळ्याने दरिद्री माणूस भोर संस्थानात दुसरा नव्हता, आणि नाटकातले गायक त्यांच्याइतके दुसऱ्या कोणी घडवले नाहीत. ही दोन्ही विधाने मी जबाबदारीने करतो. मी मोजणी खात्यातला कारकून. बांध वीतभर इकडेतिकडे झालेला मला खपत नाही. अकरा वर्षांत त्यांच्या हाताखालून एकोणीस गायक आणि सहा पेटीवाले बाहेर पडले, हे मी मोजले आहे. त्या सहांत मी नव्हतो, हेही मोजूनच सांगतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा हिरड्याचा. वेल्ह्याच्या डोंगरातून उतरलेला माल पुढे रवाना झाला की भोरच्या त्यांच्या वखारीत नाटकाची तालीम उभी राही. तिथे गाणे शिकायला यायचे नाही. गाणे शिकून झालेल्यांनीच यायचे. बुवांपुढे आठ-दहा वर्षे घासलेली, मांडी घालून तासभर राग आळवणारी माणसे उभी राहून गायला लागली की हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नसे. साडू अशा माणसाचे गाणे ऐकतही नसत. पहिल्याच दिवशी पोशाख चढवून त्याला अख्ख्या नाटकात ढकलत. म्हणत, "सूर तुमच्या बुवांनी दिला. आता हितं पाय द्यायचे."

पाय देण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. साताऱ्याकडचा एक तरुण नायिकेची कामे करायला आला होता. आवाज मधासारखा, पण गाताना नजर सारखी जमिनीवर. साडूंनी वखारभर दोन पायली हिरडा पसरला आणि त्याला नऊवारी नेसवून, कडेवर भरली घागर देऊन, नायकावरची नजर न काढता गात पलीकडे जायला सांगितले. तो तीनदा पडला. चौथ्यांदा घागर आपटून म्हणाला, "मी कलावंत आहे, हमाल नाही!"

"हमाल पडत न्हाई, बाबा," साडू म्हणाले, "म्हणून तर त्याच्याकडनं शिकायचं."

तो रुसून नदीवर जाऊन बसला, आणि तासाभराने परत येऊन मुकाट्याने नेसायला लागला. माझ्यावर रुसलेला माणूस असा कधी परत आलेला नाही. हे मी नोंद म्हणून सांगतो.

तयार नाटक ते पुण्याला नेत नसत. बाजाराच्या दिवशी दुपारी शिवऱ्याला नाहीतर कापूरहोळला नेत. "पुण्याचा माणूस तिकिटासाठी बसतो. आपला धनगर बसला तर गाण्यासाठीच बसंल," हा त्यांचा सिद्धान्त. एकदा खेळ संपल्यावर एक म्हातारा धनगर उठता उठता म्हणाला, "पोरगी रडती झ्याक. पर तिला दुख कायबी न्हाई." एवढ्यावर साडूंनी तो प्रवेश अकरा दिवस पुन्हा बसवला. अगदी हेच मी पंधरा दिवस आधी त्यांना सांगितले होते. पण माझ्याकडे मेंढरे नव्हती.

पेटीवाल्यांसाठी वेगळा जाच होता. आमची पेटी म्हणजे पायाचा ऑर्गन. तालमीत तो वाजवणाऱ्याने गायकाकडे पाठ करून बसायचे आणि मध्ये घोंगडी टांगायची. गायक श्वास कधी घेणार हे ऐकून ओळखायचे आणि त्या जागी सूर भरायचा. मी त्यावर रीतसर उपाय केला. प्रत्येक पदाची पट्टी आणि प्रत्येक गायकाचा श्वास किती मात्रांनी पडतो हे वहीत मांडून ठेवले. साडूंनी ती वही चाळली आणि म्हणाले, "साडूभाऊ, ह्यो कालचा श्वास झाला. आजचा कुठं हाय?"

सहा वर्षे तालमीला रोज मी वाजवले. नवे पेटीवाले माझ्या शेजारी बसून शिकत आणि प्रयोगाला तेच बसत. मी बैलगाडीत मागे, ऑर्गनला दोर धरून. एकदा सरळ विचारले, "माझं चुकतं काय?"

"काहीच न्हाई. तीच तर पंचाईत हाय."

घरी येऊन बायकोला सांगितले तर ती म्हणाली, "दाजींना तुमचं किती कौतुक! परवा ताईला म्हणत होते, साडूभाऊ म्हंजे निव्वळ घड्याळ." तिने ही स्तुती समजून मला जास्तीची भाकरी वाढली. मी दोन दिवस ते वाक्य सगळ्या बाजूंनी मोजले. अजून हद्द लागलेली नाही.

सातव्या वर्षी मात्र ते आपण होऊन म्हणाले, "सारोळ्याला पेटीवर तुमी बसा. बघू." मी कोटाला इस्त्री करून घेतली. आयुष्यात एकदा, समोर माणसे असताना, मला त्यांच्या तोंडून 'जमलं' ऐकायचे होते. त्यापलीकडे काही नको होते.

खेळाच्या दिवशी सकाळी नायकाचा घसा बसला. दुसऱ्या कोणाला त्याची भूमिका पाठ नव्हती. शेवटी साडूंनीच मुकुट चढवला. वनवासाला निघालेला राजा मुलीचा निरोप घेतो, असे पद होते. प्रवेशाआधी ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "माझ्याकडं ध्यान ठेवा."

त्यांचा गळा पांढरी सहाच्या वर जात नाही हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. पट्टी खाली घ्यायला वेळही होता. मी वही उघडली. तिथे काळी दोन लिहिले होते, म्हणजे साडूंना न झेपणारी उंच पट्टी, कारण नायक त्यातच गायचा. मी काळी दोनवर बोट ठेवले. कोणीही येऊन तपासावे. कागदोपत्री मी निर्दोष होतो. मनात मात्र सात वर्षांचे सगळे गोळा झाले होते. म्हटले, होऊ दे एकदा सगळ्यांना ठाऊक.

साडूंनी तोंड उघडले आणि पहिल्याच ओळीला आवाज फाटला. मागून कोणीतरी हसले. एक जण ओरडला, "राजं, घोटभर पानी प्या!" साडू थांबले. मुलीचे काम करणाऱ्या त्या सातारकराचा हात धरून खाली बसले आणि पदाची ओळ गाण्याऐवजी नुसती बोलले. बाप बोलतो तशी. बोलून गप्प राहिले.

आता पुढे काय वाजवायचे ते वहीत नव्हते. मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. त्यांची छाती भरताना दिसली, ओळ आली, आणि ती संपली त्या जागी माझा हात आपोआप गेला. ते बोलत होते आणि पेटीवर मी गात होतो, असे म्हणायला हरकत नाही. तिसऱ्या ओळीला हसणारेही पुढे सरकून ऐकायला लागले. शेवटी 'वन्स मोअर' आला, तो पेटीला. साडूंनी मुकुट काढून मंडपासमोर माझ्याकडे हात केला आणि मोठ्यांदा म्हणाले, "जमलं."

घरी आल्यावर ते माझ्या बायकोला म्हणाले, "बाय, तुझ्या नवऱ्यानं आज माझी लाज राखली." तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तसे आमच्या लग्नातही पाहिले नव्हते.

पट्टीचे खरे पोटात घेऊन मी चार वर्षे काढली. मग साडू अंथरुणाला खिळले तेव्हा एका सकाळी जाऊन सांगून टाकले, की पट्टी मी जाणूनबुजून वर ठेवली होती.

"ठाऊक हाय की," ते म्हणाले. "गाता येत न्हाई म्हून ऐकायलाबी येत न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"पयल्यांदाच माझ्याकडं मान वळवून बघत होता तुमी. मधीच कशाला बोलू?"

त्यावर खोकत खोकत ते हसले आणि कुशीवर वळले. त्या पावसाळ्यात ते गेले.

वखारीत आता नुसताच हिरडा असतो. त्यांचे एकोणीस जण गावोगाव गातात, सहा जण वाजवतात, आणि लोक त्यांच्या गुरूचे नाव काढतात तेव्हा मला अजूनही बारीक टोचते. कधीमधी पेटी ऐकून कोणी माझीही पाठ थोपटतो. तेव्हा मात्र साडूंनी समोर बसून ती ऐकावी आणि काहीतरी खोट काढावी, असे फार वाटते.