कमलिनीताईंनी मागे घेतलेली सूचना

हे नारायणा, तुझ्या दप्तरी कोणाचीही नोंद हरवत नाही. घर बदलले, गाव बदलले, वेष बदलला, तरी तू जिवाला ओळखतोस, नावानिशी हाक मारतोस. तुझ्या त्या ओळखीला वंदन करून, सज्जनहो, आज गुण गायचे आहेत ते कमलिनीताई बोकारे यांचे!

ताई मूळच्या नागपूरच्या. यजमान विश्वासराव भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात तंत्रज्ञ, बिऱ्हाड कारखान्याच्या वसाहतीत, क्वार्टर सी-सत्तेचाळीसमध्ये. ताईंची नोकरी इंद्रपुरीजवळच्या वॉर्ड ऑफिसात, जन्म-मृत्यूच्या खिडकीवर. बावीस वर्षे त्यांनी तान्ह्या बाळांची नावे अशा सुंदर अक्षरात लिहिली, की आईबाप दाखला घडी न घालता घरी नेत.

दोन हजार पाच साली ऑफिसात संगणक यायचे ठरले. आराखड्याच्या पहिल्या बैठकीत ऑफिसचे मुख्य असलेल्या चौकसे साहेबांनी विचारले, "ऐसी कोई एक पहचान बताइए, जो सबको याद हो. उसी से सारे प्रमाणपत्र निकलेंगे."

ताई तत्काळ म्हणाल्या, "क्वार्टर नंबर, सर!"

आणि खरेच! वसाहतीतला माणूस आधी क्वार्टर सांगतो, मग नाव. टाळ्या झाल्या, सूचना आराखड्याच्या पहिल्या पानावर चढली, आणि ताईंना गगन ठेंगणे झाले.

महिना लोटला. आराखडा दुपारी चार वाजता मुख्यालयात जायचा, त्या दिवसाची सकाळ. विश्वासराव नुकतेच निवृत्त झालेले. क्वार्टर सोडून अशोका गार्डन या वस्तीत राहायला जायचे, म्हणून पतिपत्नी भांडी खोक्यांत भरत होती.

"अहो, आपण गेल्यावर हे घर कोणाचं?"

"ज्याला अलॉट होईल त्याचं."

"आणि आपल्या सुचेताचा जन्मदाखला?"

विश्वासराव हसले. "तोही त्यालाच अलॉट होतो की काय?"

ताईंच्या हातातली सुतळी जागीच थांबली. होय, तोही त्यालाच! घर सोडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची ओळख घराबरोबर मागे राहणार. चूक त्यांची स्वतःची, आणि तिच्यावर वाहवाही घेऊन झालेली. गप्प राहावे तर मान राहतो, बोलावे तर लोकांचे दाखले राहतात. सज्जनहो, ताई चहाही न घेता निघाल्या!

रेकॉर्डवाल्या काशिनाथांना त्यांनी वसाहतीच्या जुन्या नोंदवह्या काढायला सांगितल्या. कारण ऐकताच काशिनाथ म्हणाले, "ताई, महिनाभर क्वार्टर नंबरच्या आरत्या केल्यात. आज विसर्जन?"

"आजच! आणि वाजत-गाजत. उचला वह्या."

दुपारी एकला आराखड्याच्या शेवटच्या, भरल्या बैठकीत ताई उभ्या राहिल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. क्वार्टर सी-सत्तेचाळीस: थॉमस, दोन मुली. क्वार्टर सी-सत्तेचाळीस: मुखर्जी, एक मुलगा. क्वार्टर सी-सत्तेचाळीस: रेड्डी, जुळे मुलगे. क्वार्टर सी-सत्तेचाळीस: बोकारे, एक मुलगी. एक छत, चार कुटुंबे, सहा लेकरे!

"सर, कंप्यूटर को ये छह सगे भाई-बहन दिखेंगे."

"यानी आपकी सुचेता थॉमस साहब की भी बेटी!" चौकसे साहेब हसले, मग एकदम गंभीर झाले. "मगर कमलिनीजी, ये सुझाव तो आप ही का था."

"जी सर, मेरा ही था. इसीलिए तोड़ने भी मैं ही आई हूँ."

मग साहेबांनी लाल पेन काढले आणि पहिल्या पानावर आडवी रेघ मारली. "तो अब नया बताइए. चार बजने में तीन घंटे हैं."

काय ते तीन तास! कोणी जेवायला उठेना, कोणी खुर्ची सोडेना. ताई बोलत, साहेब लिहीत, काशिनाथ वह्यांतून एकेक अडचण शोधून समोर टाकत. ठरले असे: नंबर माणसाचा, जन्माबरोबर एकदाच मिळालेला आणि आयुष्यभर सोबत चालणारा, घर ही त्याखालची केवळ एक ओळ, हवी तेव्हा बदलावी. कामासाठी शेजारच्या मंडीदीपला गेलेला असो वा मुलखाला परतलेला, त्याचा दाखला त्याच्याच नावाने निघेल. चाराला दहा मिनिटे असताना आराखडा पाकिटात गेला, आणि साहेबांनी स्वतः उठून ताईंसाठी चहा मागवला.

हे दयाघना, आपली चूक स्वमुखाने सांगणाऱ्या या माउलीला उदंड आयुष्य दे. विश्वासरावांच्या निवृत्तीला निरोगी सकाळी लाभोत, सुचेताचे सर्व मंगल होवो, आणि अशोका गार्डनमधल्या त्यांच्या उंबऱ्यातून कोणीही अनोळखी म्हणून परत न जावो!